वजा साठ टक्के

परवा सकाळी दादाचा व्हिडिओ आला. उजनी धरणाचे दरवाजे उचललेले, पाणी फेसाळत खाली कोसळतंय, बघ्यांची ही गर्दी, भाजक्या कणसांचा धूर. मागून दादाचा आवाज, "बघ गं, बघ! शंभर टक्के!" स्वतःच्या पोराच्या बारशाला एवढा खूश नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी, जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, हाच दादा मला त्याच धरणाच्या पोटात घेऊन गेला होता. आत्ता जिथून होडीसुद्धा जपून न्यावी लागेल तिथं आम्ही भेगाळलेल्या गाळावर उभे होतो आणि आज्जीचं घर नेमकं कुठं होतं यावरून आमची वादावादी चालली होती. त्या आठवड्यात उजनी मायनस साठला टेकली होती.

पुण्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. धरण रिकामं झालं तर शून्य होईल, वजा कसं होईल? तर ते असं. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातलं ५३.५७ टीएमसी हा जिवंत साठा, म्हणजे वापरासाठी धरलेला, आणि खालचं ६३.६५ टीएमसी हा मृतसाठा, एरवी वापरात न धरलेला. रोज पेपरात येते ती टक्केवारी फक्त जिवंत साठ्याची. म्हणजे आकडा शून्य असतो तेव्हाही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतंच. पुण्याची चारही धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, काठोकाठ भरली तरी बेरीज २९ टीएमसीच्या आसपास जाते. उजनीचा नुसता मृतसाठा त्याच्या दुप्पट. एवढं पाणी डोळ्यांसमोर दिसत असताना शून्यावर कोण थांबेल? म्हणून शून्याखाली मोजत जायचं. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पुरतं भरलंच नाही. जानेवारीत ते शून्यावर आलं, तिथून मेअखेरपर्यंत मृतसाठ्यातलंही बत्तीसेक टीएमसी गेलं.

या 'मृत' पाण्याबद्दल आप्पा काय म्हणाले ते पुढे सांगते. आधी घरातलं भांडण.

माझ्या फोनवर तीन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत आणि तिन्ही एकाच नदीचे. एक आमच्या सोसायटीचा, धायरीच्या वरच्या अंगाचा. तिथं उन्हाळाभर एकच विषय : टँकर कधी? दुसरा माहेरचा, पळसदेवकडचा, इंदापूर तालुका. तिथं दादा रोज सकाळी पातळी टाकतो, जणू राशिभविष्य. तिसरा सासरचा, सोलापूरचा. तिथं सासूबाई चार-पाच दिवसांतून एकदा लिहितात, "पाणी आलंय, फोन करू नका." आमचं लग्न ठरवताना पत्रिका नव्हे तर भीमा खोऱ्याचा नकाशा समोर ठेवला होता, असं आमचे हे म्हणतात. त्यांना स्वतःला या भांडणात पडायचं नसतं. विषय तापला की ते मुळशीवर घसरतात. मुळेचं पाणी टाटांनी धरणात अडवून उलटं कोकणात सोडलं, विजेसाठी. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. ते पाणी पूर्वेला वळवा, मग सगळ्यांना पुरेल. मुद्दा खोटा नाही. पण तो काढला की घरातल्या घरात कुणालाच काही सोडावं लागत नाही, म्हणून तो त्यांना इतका आवडतो असा माझा संशय आहे.

एप्रिलमध्ये माझं आणि दादाचं वाजलं. आमच्या गच्चीवरून मुठेचा उजवा कालवा दिसतो. खडकवासल्यातून निघतो, सिंहगड रस्त्याच्या कडेकडेनं, पर्वतीच्या पायथ्याने, हडपसर, दौंड करत थेट इंदापूर तालुक्यात जातो, दोनशे किलोमीटर. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं होतं. कालवा दुथडी भरून चालला होता आणि खाली गेटवर मी दहा हजार लिटरच्या टँकरच्या पावतीवर सही करत होते. त्या दिवसातली ती सहावी. राहवलं नाही, फोन लावला.

"तुमचं पाणी आमच्या दारातून चाललंय आणि आम्ही टँकर मोजतोय."

"दारातनं चाललंय व्हय? मग तिथंच मुरतंय आन् तिथंच चोरीला जातंय. आमच्या टेलला येईस्तवर करंगळीएवढी धार ऱ्हाती."

"मग ऊस कशाला लावता?"

"मग काय लावू, गुलाब? उसाला कारखाना हाय, गारपिटीत मरत न्हाय, चोर न्हेत न्हाय. तू सांग, तुझ्या बिल्डिंगीत माणसं किती?"

"चारशे धर."

"आन् संडासात एका येळंला किती लिटर सोडतीस?"

मी फोन ठेवला. नंतर टाकीवरचं लेबल वाचलं. नऊ लिटर. बटणं दोन आहेत, पण लहान बटण कुणी दाबताना मी पाहिलेलं नाही.

दादाचं चुकतंच. उजनीचं नियोजन आठमाही पिकांचं होतं. उन्हाळ्यात रान रिकामं राहील असं कागदावर धरलेलं. ऊस बारा-चौदा महिने उभा असतो, त्याला मे महिना कळत नाही. पण ऊस लावायला त्याला कुणी एकट्याने सांगितलेलं नाही. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने तिसाच्या वर गेलेत, आणि ते काही दादाने काढले नाहीत. हल्ली करमाळ्याकडे, कंदरच्या बाजूला केळी आली आहेत, परदेशात जातात, त्यांनाही पाणी लागतंच. आणि आमचं पुणं? महापालिकेचा जुना मंजूर कोटा वर्षाला साडेअकरा टीएमसीचा. प्रत्यक्षात उचल त्याच्या दीडपटीच्याही पुढे. दर उन्हाळ्यात पाटबंधारे खातं पत्र पाठवतं, महापालिका वाढलेली लोकसंख्या दाखवते, कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री मध्ये पडतात, '१५ जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी राखून' आवर्तन सुटतं. २०२३ मध्ये मे महिन्यापासून दर गुरुवारी पाणी बंद होतं, तेव्हा लोक बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायचे आणि शुक्रवारी सकाळी तेच 'शिळं' पाणी ओतून द्यायचे. मी नावं ठेवत नाही. मीही दोनदा ओतलंय.

पण पुणं पाणी पिऊन टाकत नाही. वापरून, घाण करून पुढे पाठवतं. त्यातलं काही मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीतून, उचलून जुन्या कालव्यात टाकतात, ज्याला हवेली-दौंडकडे बेबी कालवा म्हणतात. सहा-साडेसहा टीएमसी शुद्ध केलेलं पाणी शेतीला परत द्यायचं, त्या बदल्यात धरणातलं चांगलं पाणी शहराने घ्यायचं, असा तो व्यवहार. बाकीचं मुळा-मुठेतून वाहत जातं. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, पुढे दौंड, आणि दौंडच्या खाली उजनीचं बॅकवॉटर सुरू. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच, 'दौंडला किती?' दौंडचा विसर्ग किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, त्यावर धरण कधी भरणार ते घराघरांत मांडलं जातं. आमच्या आईला लेकरांचे वाढदिवस पाठ नसतील, पण दौंडचा विसर्ग पाठ.

आता जे लिहायचं ते टाळत होते. आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट आहे. बिल्डरने दिला, कारण नियम होता. मी सेक्रेटरी झाले त्या वर्षी कमिटीपुढे विषय आला : प्लांटच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार मिळून महिन्याला एवढे एवढे हजार जातात, मेंटेनन्स वाढवायचा की प्लांट 'आवश्यकतेनुसार' चालवायचा? 'आवश्यकतेनुसार' म्हणजे तपासणीला कुणी येणार असेल तेव्हा, हे सगळ्यांना माहीत होतं. ठराव झाला. खाली माझी सही आहे. तेव्हापासून चारशे माणसांचं पाणी सरळ नाल्यात, नाल्यातून मुठेत, आणि मुठेतून माझ्या माहेरी.

त्या सांडपाण्यावरूनही भांडण झालंय म्हटलं तर हसायला येईल. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी उचलून इंदापूर तालुक्याला द्यायला मंजुरी निघाली. आधार काय? तर पुण्याकडून येणारं सांडपाणी उजनीत जमतं, ते वाटपात धरलेलंच नाही, तेवढं इंदापूरने उचललं तर कुणाच्या वाट्याला धक्का नाही. सोलापूर जिल्हा पेटला. आंदोलनं, रास्ता रोको, सर्वपक्षीय बैठका. पुढच्याच महिन्यात तो आदेश रद्द झाला. त्या महिन्यात आमच्या घरात काय वातावरण होतं ते विचारू नका. दादा म्हणायचा, "जमीन आमची बुडाली, पाणी मात्र तुम्ही प्या." दीर म्हणायचे, "धरण सोलापूर जिल्ह्याचं आहे." आणि मी मधल्या मध्ये गप्प, कारण दोघं ज्यावरून भांडत होते ते आमच्या बाथरूममधून निघालेलं पाणी होतं.

सोलापूरचं गणित आणखी निराळं आहे. शहराला वर्षभराला लागतं ते धरणाच्या मानाने किरकोळ. पण ते पोचवायचं तर उजनीतून भीमेच्या पात्रात एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं. ते पंढरपूरवरून वळसे घेत खाली औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत जायला आठ-दहा दिवस लागतात. वाटेत शेतकऱ्यांनी उपसू नये म्हणून नदीकाठची वीज तोडतात. एवढं करून शहराच्या टाक्यांत पडतं ते सोडल्यापैकी थोडंसंच. सासूबाईंच्या गल्लीत त्या दिवसांत पाणी आलं तर रात्री अडीचला. बासष्ट वर्षांची बाई अंधारात मोटार लावून, मांडीवर टॉर्च घेऊन पायरीवर बसते. मी एकदा म्हटलं, अहो आई, टाकी मोठी घ्या, झोपा निवांत. त्या म्हणाल्या, "झोपलं की शेजारचे मोटार लावतात की बाई, मग इकडं हवाच येते."

हे लिहिते आहे तेव्हा, २०२४ मध्ये, धरणापासून शहरापर्यंत समांतर जलवाहिनीचं काम चालू आहे. ती झाली की नदीत पाणी 'वाया' घालवावं लागणार नाही. सासूबाईंसाठी मला ती हवीच. पण वाया म्हणजे काय, हे या उन्हाळ्यात माझ्या डोक्यातून जात नाही. ते पाच-सहा टीएमसी जात होते तेव्हा पंढरपूरखालच्या भीमेत वर्षातून तीन-चारदा नदी दिसायची. डोह भरायचे, विहिरी उतरायच्या थांबायच्या, गुरं पाण्यावर यायची. ते पाणी नदीच्या नावाने सुटलेलं नव्हतं, सोलापूरच्या नावाने सुटायचं, आणि त्याच्या आडोशाने नदी भागवून घ्यायची. पाइपातून ही उधारी चालणार नाही. धरणाच्या खाली नदीत अमुक इतकं पाणी कायम राहिलंच पाहिजे, असं गंगेसाठी केंद्राने २०१८ मध्ये अधिसूचना काढून ठरवलं. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतही नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी बाजूला ठेवावा असं लिहिलंय. आमच्याकडे वाटपाची चर्चा निघते तेव्हा पिण्याचं, शेतीचं, उद्योगाचं हे तीन शब्द येतात. त्यांचा क्रम बदलतो. २००३ च्या राज्य जलनीतीत उद्योग शेतीच्या पुढे होता, २०११ मध्ये शेतीला पुढे आणलं. त्यासाठी बरीच ओरड झाली आणि व्हायलाच हवी होती. चौथा शब्द कुणी काढत नाही.

तर आता आप्पा.

आप्पा आमच्या गावचे भोई. आज्जीच्या वेळी त्यांचे वडील नावेने पैलतीराला न्यायचे, तेव्हा धरण नव्हतं, नदी होती. धरण झालं तशी शेतकऱ्यांची रानं गेली आणि भोयांची नदी गेली. शेतकऱ्यांना निदान कुठंतरी जमिनी दाखवल्या. नदीच्या बदल्यात काही मिळत नाही. पण यांना मागून तलाव मिळाला. आप्पा सत्तरीचे आहेत, अजून पहाटे चारला होडी काढतात. मासळी भिगवणच्या लिलावाला जाते. तुम्ही पुण्या-मुंबईत 'उजनीची चिलापी' खाल्ली असेल तर त्यांच्यासारख्यांचीच.

जूनमध्ये आम्ही गेलो ते खरं म्हणजे पळसनाथाचं जुनं देऊळ बघायला. पाणी उतरलं की ते वर येतं, आणि मग चुंबक लावल्यासारखी आमची विस्थापित मंडळी लांबून लांबून जमतात. दगडी खांब, चिखलाचा थर, नंदीच्या पाठीवर वाळलेलं शेवाळ. म्हाताऱ्या बायका उंबऱ्याला हात लावून रडतात आणि त्यांची नातवंडं सेल्फी काढतात. मीही काढला. आज्जीचं घर सापडलं नाही. दादा एका चौथऱ्यावर ठाम होता, मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

देवळाच्या पुढे पाणी अजून बरंच लांब होतं. मध्ये सगळा गाळ आणि त्या गाळातून काळ्या पाइपांच्या रांगा, एकाशेजारी एक, शंभरेक तरी असतील. पाणी मागे हटतं तशा मोटारी त्याच्या मागे सरकवतात. पाइप जोडायचा, केबल वाढवायची, चर खणायचा. दादाने या हंगामात पाच वेळा मोटार पुढे नेली होती. एका जेसीबीचा तासाचा दर त्याने मला तीनदा सांगितला, इतका तो मनाला लागला होता. वर मोकळ्या झालेल्या गाळात कुणी कुणी गाळपेर केलेली. मका, कलिंगडं, अगदी हिरवीगार. आपल्याच बुडालेल्या रानात.

पाण्याच्या कडेला आलो तसं मला खाली चिखलात खड्डे दिसले. परातीएवढे, गोल, खोलगट, ओळीने. कुणी हाताने लिंपल्यासारखे गुळगुळीत. काही ओले, काही तडकलेले. मला वाटलं गुरांच्या खुरांचे असतील. आप्पा होडी ओढत येत होते. म्हणाले, "चिलापीची घरं हायती ती. नर उथळ पाण्यात खड्डा करतो, शेपटीनं, तोंडानं. मादी यिऊन अंडी घालती. एका रातीत पाणी वीतभर उतरलं, घर उघडं."

मी म्हटलं, मग अंडी गेली?

आप्पांनी टोपलीतला एक मासा उचलला, अंगठ्याने त्याचा जबडा दाबला. तोंडातून माझ्या तळहातावर पिवळसर दाणे पडले, मोहरीएवढे, बुळबुळीत. तीस-चाळीस तरी. "घालून झाली की ही तोंडात घेती. धा-बारा दिस खात न्हाय काय न्हाय. म्हून चिलापी टिकली." मग त्यांनी ती मादी पाण्यात सोडली. दाणे मी वाकून तिथंच सोडले, ते वाचले नसणार हे मलाही कळत होतं. टोपलीतले बाकीचे मासे मात्र टोपलीतच राहिले, गैरसमज नको.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती टिकली, कारण तिला घाण पाणी चालतं, उथळ चालतं, वाहतं नसलं तरी चालतं. आप्पांच्या लहानपणी या नदीत वाम होती, मरळ होती, शिंगटा होता. ते अधूनमधून जाळ्यात येतात, आले की आप्पा लिलावाला नेत नाहीत, घरी नेतात. कटला-रोहू मिळतात ते सोडलेल्या बोटुकलीचे, म्हणजे पिल्लांचे, कारण साचल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. आणि बोटुकली सोडली तरी पाणी असं उतरलं की वडाप जाळीवाले येतात, मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावून बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरवडून नेतात. उरलीसुरली मोटारींच्या फुटव्हॉल्व्हला चिकटतात. शेवटचं वाक्य आप्पांनी दादाकडे न बघता म्हटलं. दादाने पाइपाकडे बघितलं.

पाणी हिरवं होतं. पोपटी म्हणावं असं, कडेला साय धरलेली. वास मला ओळखीचा वाटला. पावसाळ्याआधी आमच्या नाल्याला येतो तसा, फक्त पातळ केलेला. "पहाटं यिऊन बघ पोरी," आप्पा म्हणाले, "समदे मासे तोंड वर काढून असत्यात. दम लागल्यावानी. ऊन पडलं की मग खाली जात्यात." हिरव्या पाण्यातला प्राणवायू रात्री संपत येतो आणि पहाटेला सर्वांत कमी असतो, हे मी शाळेत शिकले होते. पण दमा झालेल्या माणसासारखे हजारो मासे, त्यांच्यामध्ये होडीत बसलेले आप्पा, हे काही डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

मी विचारलं, 'मृतसाठा' माहीत आहे ना तुम्हाला? आप्पांना आकडा दादाइतकाच पाठ होता. म्हणाले, "आमचा धंदा त्यातच. वरचं पाणी तुमचं, येतं जातं. खालचं हाय ते बारमाही. त्यात मासा ऱ्हातो. आता ते बी काढाया लागल्यात." मग थोडं थांबून दादाला विचारलं, "त्या कमिटीत पाणी वाटत्यात, तवा आमचं किती धरत्यात रं?"

दादा हसला. "आप्पा, तुमचं मासं पाण्यातच ऱ्हात्यात की. त्यास्नी येगळं कशाला पायजे?"

"तुझा ऊस बी रानातच ऱ्हातो," आप्पा म्हणाले. "मग त्याला रान बास की."

दादा उत्तर देण्याच्या बाबतीत कुणाला हार जात नाही. त्या दिवशी मात्र गाडीपर्यंत काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "म्हातारा तोंडाळ हाय."

वजाचा कुणालाच फायदा नसतो असंही नाही, हे न्यायाने सांगायला हवं. कुंभारगावकडे रोहित पक्षी येतात त्यांना उथळ चिखलाचं पाणी मानवतं. पुण्याहून लांब लेन्सवाले येतात, होडीवाल्यांना चार पैसे सुटतात. आप्पांचा नातू हल्ली जाळ्यापेक्षा फोटोवाल्यांना फिरवण्यात जास्त कमावतो. तो मासे खात नाही. वास येतो म्हणे.

पुण्याला परतल्यावर मी प्लांटचा विषय पुन्हा काढला. खोटं कशाला सांगू, आधी दोन आठवडे काढला नाही. मग काढला. नंदीच्या पाठीवरचं शेवाळ, चिलापीची घरं, हे सगळं मीटिंगमध्ये बोलणार होते, पण वीस माणसं आणि एक पंखा, त्यात एकाला क्रिकेट बघायचं होतं. मी एवढंच म्हटलं की दिवसाला सहा टँकर घेतो, प्लांटचं पाणी फ्लशला आणि बागेला वापरलं तर दोन कमी होतील. हिशोब मांडून नेला होता. पैशाचं गणित चाललं. अकरा विरुद्ध सात. जूनच्या शेवटी ब्लोअर सुरू झाला. पहिले चार दिवस सगळ्या पार्किंगला वास, त्यावरून मला पाच फोन. टाकीतले जिवाणू मेलेले होते, ते पुन्हा वाढायला वेळ लागतो. ऑपरेटरने शेणाचा काला आणून टाकला. आता बरं चाललंय.

मग पाऊस लागला. जुलैच्या शेवटी खडकवासल्यातून मुठेत पाणी सुटलं, नदीपात्रातला रस्ता बंद, भिडे पूल पाण्याखाली, सखल भागात लोकांच्या घरात पाणी. दौंडचा विसर्ग लाखाच्या पुढे. आईने दोन दिवस जेवताना आकडेच सांगितले. वजा साठचं शंभर व्हायला दोन महिने पुरले. माहेरच्या ग्रुपवर आता फक्त दरवाजांचे फोटो, सासरच्या ग्रुपवर नदीकाठी सावध राहा असे मेसेज, आणि टँकरबद्दल आमच्या ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही. आप्पांना फोन केला तर त्यांची होडी काठाला बांधलेली होती. पाणी फार गढूळ, जाळं टाकत नाहीत. "आता चार म्हैनं माशाला बरं," एवढं म्हणाले. मग विचारलं, आज्जीचं घर घावलं का? मी नाही म्हटलं. म्हणाले, दादा दाखवत होता तो चौथरा सोनारांचा. तुमचं त्याच्या खाली, नदीकडं. अजून वीस टक्के उतरायला पायजे होतं.

काल आमची मासिक मीटिंग झाली. विषय क्रमांक चार मांडला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. अतिशय सभ्य माणूस, त्या अकरांतलेच. म्हणाले, ताई, धरणं सगळी भरली, टँकरही बंद झाले, मग प्लांटचा खर्च आता कशाला चालू ठेवायचा? निदान जानेवारीपर्यंत?

पंख्याखाली सगळे माझ्याकडे बघत होते. हात वर करायला सांगितला असता तर मी हरले असते, माणसं मोजून झाली होती माझी. म्हणून इतिवृत्तात 'सदर विषय पुढील सभेत घ्यावा' असं लिहिलं, खाली सही केली आणि वही मिटली. ब्लोअर तूर्त चालू आहे.